एडिसनचं मूळ गाव कोणतं?

अमेरिकेतल्या एखाद्या शहराबद्दल बोलाल का, असं संयोजकांनी विचारलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे न्यूयॉर्क किंवा शिकागो असणार. मी म्हटलं, एडिसनवर बोलतो. ते म्हणाले, म्हणजे बल्बवाला? म्हटलं, नाही, त्याच्या नावाचं गाव, न्यू जर्सीतलं. फोनवर क्षणभर शांतता. (हशा)

पण तुमच्यापैकी बऱ्याच जणांना हे गाव माहीत आहे. कुणाचा पुतण्या तिथे आहे, कुणाची मुलगी शेजारच्या वुडब्रिजला किंवा पिस्कॅटवेला आहे. अमेरिकेला जाऊन आलेला माणूस नायगाराबद्दल जितक्या उत्साहाने सांगतो, तितक्याच उत्साहाने ओक ट्री रोडबद्दल सांगतो. ‘अहो, सगळं मिळतं तिथे. कढीपत्ता, कोकम, भाजणीसुद्धा.’ आपल्या लेखी एडिसन म्हणजे हा एवढा रस्ता. तोही पुरता एडिसनचा नाही, निम्मा इसलिनमध्ये जातो, ते जाऊ द्या.

मी तिथे पहिल्यांदा गेलो तो भाच्याकडे, तीन आठवड्यांसाठी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला म्हटलं, चल, गावात एक चक्कर मारून येऊ. तो म्हणाला, ‘मामा, गावात म्हणजे कुठे?’ म्हटलं, अरे गावात म्हणजे पेठेत, स्टेशनाजवळ, चौकात, जिथे गावाची जुनी वस्ती असेल तिथे. तो जरा विचारात पडला. मग मला गाडीत घातलं आणि दहा मिनिटांत एका सुरेख मुख्य रस्त्यावर आणून सोडलं. स्टेशन, जुनी दुकानं, चर्च, बसायला बाकं. मी खूश. म्हटलं, हेच म्हणत होतो मी. तो म्हणाला, ‘हो, पण हे एडिसन नाही. हे मटचन.’

आजच्या विषयाची सुरुवात खरं तर इथूनच होते. कारण हा विनोद माझ्या भाच्याचा नाही, इतिहासाचा आहे. ही टाउनशिप १८७० साली झाली, शेजारच्या वुडब्रिज आणि पिस्कॅटवे यांचे तुकडे जोडून. तेव्हा तिचं नाव होतं रॅरिटन, तिथल्या नदीवरून. टाउनशिप म्हणजे आपल्याकडे बारा वाड्यांची मिळून एक ग्रामपंचायत असते ना, साधारण तसा प्रकार. मेन्लो पार्क, बॉनमटाउन, स्टेल्टन, ओक ट्री अशा सुट्या सुट्या वस्त्या, आणि मधल्या भागात शेतं. त्या काळात न्यू जर्सीत जरा बाळसं धरलेली प्रत्येक वस्ती वेगळी चूल मांडत होती. १९०० साली मटचन वेगळं झालं, १९०५ साली हायलंड पार्क. ज्या वस्त्यांना पेठ होती, रुपडं होतं, त्या अशा निघून गेल्या. राहिलेलं सगळं म्हणजे आजचं एडिसन. नकाशा पाहिलात तर मटचनच्या चारही बाजूंना एडिसन आहे. मेदूवड्यासारखं. गावाचं मध्य म्हणून जे असायला हवं ते भोक आहे, आणि त्या भोकात दुसरंच गाव आहे. (हशा)

आता अशा गावाचं चरित्र लिहायचं कसं? आणि ज्यांनी लिहिलं त्यांनी ते कसं लिहिलं? मी दोन मजकूर घेणार आहे. एक २०१० सालचा, टाइम साप्ताहिकातला जोएल स्टाइन यांचा स्तंभ, ‘माय ओन प्रायव्हेट इंडिया’. दुसरं त्याआधीचं, २००३ सालचं एस. मित्रा कलिता यांचं पुस्तक, ‘सबर्बन साहिब्स’. दोघांनाही मी एकच प्रश्न विचारणार आहे. तुमच्या मते हे गाव कोणत्या साली सुरू होतं?

आधी स्टाइन. हा गृहस्थ विनोदी स्तंभलेखक, बालपण एडिसनमध्ये गेलेलं. तक्रार अशी, की माझं गाव राहिलं नाही. ज्या ए अँड पीमध्ये आम्ही लहानपणी चोऱ्या केल्या ते आता भारतीय किराणा दुकान आहे. ज्या थिएटरात आम्ही मोठ्यांचे सिनेमे चोरून पाहिले तिथे आता हिंदी सिनेमे लागतात. ज्या इटालियन रेस्टॉरंटात माझ्या मित्रांनी वेटर असताना पैसे चोरले तिथे आता भारतीय जेवण मिळतं. मग तो सांगतो, की आधी डॉक्टर-इंजिनियर आले, तेव्हा आम्हाला वाटलं सगळे भारतीय हुशार असतात. मग त्यांनी आपले व्यापारी भाऊबंद आणले, त्या भाऊबंदांनी आणखी कमी हुशार भाऊबंद आणले, आणि मग भारत गरीब का आहे ते आमच्या ध्यानात आलं.

त्यावर गदारोळ झाला. नट कल पेन यांनी खरमरीत उत्तर लिहिलं. टाइमने दिलगिरी व्यक्त केली, स्टाइननेही केली. हे सगळं तुम्ही तेव्हा वाचलं असेल, मेलवरून फिरलंही असेल. लेख वंशद्वेषी आहे की नाही यावर मी वेळ घालवणार नाही. कपाळावरच्या टिकलीवरून तिथे पोरांना जी शिवी दिली जायची ती त्याने त्यात विनोदाचा विषय केली आहे. १९८७ च्या सुमाराला तिथून जवळच, जर्सी सिटीत, त्याच टिकलीचं नाव लावणाऱ्या टोळीने भारतीयांवर हल्ले केले होते. हे ज्याला माहीत आहे त्याला तो विनोद गोड लागणार नाही. एवढं पुरे.

मला त्या लेखातली दुसरी गोष्ट खुपते. हरवलेल्या गोष्टींची त्याची यादी परत बघा. किराणा दुकान, थिएटर, हॉटेल. सगळी गिऱ्हाइकाची यादी आहे. १९४८ पासून त्या भागात फोर्डचा प्रचंड मोटार कारखाना होता. मस्टँग तिथे बनली, पिंटो बनली, शेवटी शेवटी रेंजर ट्रक. गावातल्या कितीतरी घरांचे हप्ते त्या कारखान्याच्या पगारावर फिटले असतील. तो २००४ साली बंद झाला, म्हणजे स्टाइनच्या लेखाच्या सहाच वर्षं आधी. गाव बदलल्याचं दुःख लिहिणाऱ्या माणसाच्या यादीत या कारखान्याला जागा नाही. का नाही? कारण कारखाना बंद झाल्याचा ठपका कोण्या पटेलवर ठेवता येत नाही, हे एक. आणि दुसरं म्हणजे त्याचं गाव हे पोरवयातलं गाव आहे, आईबापाच्या पगाराचं गाव नाही. पोराला दुकान दिसतं, कारखाना दिसत नाही.

आणि ज्या गावासाठी तो हळहळतो ते मुळात किती जुनं होतं? जनगणनेचे आकडे बघा. १९५० साली तिथली लोकसंख्या होती साधारण १६,०००. १९६० साली ४५,०००. दहा वर्षांत पावणेतीनपट! १९७० साली ६७,०००. म्हणजे युद्धावरून परतलेले सैनिक, सरकारी हमीची गृहकर्जं, नवे महामार्ग, एकसारख्या घरांच्या वसाहती. बटाट्याची, मक्याची शेतं नांगराऐवजी बुलडोझरखाली गेली. गावाचं नावसुद्धा तेव्हाचंच. रॅरिटन नावाची गावं त्या राज्यात तीन-चार, पत्रांचा गोंधळ व्हायचा. मग १९५४ साली लोकांनी मतदान करून एडिसन हे नाव घेतलं. १९५९ साली मेन्लो पार्कचं खरेदी केंद्र आलं. याच्या तुलनेत पुढचा काळ बघा. १९८० साली ७०,०००, २०१० साली एक लाखाला थोडे कमी. तीस वर्षांत दीडपटसुद्धा नाही. म्हणजे गावाची उलथापालथ म्हणायची तर ती भारतीयांनी केली त्याच्या कितीतरी आधी, कितीतरी जोरात झाली होती. ती केली स्टाइनच्या आईवडिलांच्या पिढीने. त्यांच्या येण्याने ज्याचं गाव गेलं तो शेतकरी टाइममध्ये स्तंभ लिहीत नव्हता, इतकंच.

माणूस ज्या वर्षी गावात पाय ठेवतो ते वर्ष त्याला मूळ वाटतं. मग जो त्याच्या नंतर आला तो बाहेरचा.

या लेखात एक चांगलं निरीक्षण आहे, तेही सांगतो, नाहीतर अन्याय होईल. शेवटी शेवटी तो म्हणतो की भारतीय पोरं आता गळ्यात सोन्याच्या साखळ्या, केसांना जेल, शर्टाची बटणं उघडी, अशी हुबेहूब जर्सीच्या इटालियन पोरांसारखी दिसायला लागली आहेत. हे त्याने खरंच पाहिलेलं आहे, ऐकीव नाही. गाव माणसाला बदलतं ते असं, कॉलर आणि केसांपासून. या धाग्याने त्याने लेख लिहिला असता तर मी आज तो तुम्हाला वेगळ्या कारणासाठी वाचायला सांगितला असता.

आता आपल्या उत्तरांकडे बघू. तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी काय म्हटलं? आम्ही डॉक्टर आहोत, इंजिनियर आहोत, कर भरतो, आमची मुलं स्पेलिंगच्या स्पर्धा जिंकतात. अहो, पण स्टाइनची शिडी हीच होती की! वरच्या पायरीवर डॉक्टर, खाली दुकानदार. आपण फक्त ‘आम्ही वरच्या पायरीवरचे’ असं सांगितलं. पेट्रोल पंपावर रात्रपाळी करणारा, गोदामात खोकी उचलणारा, दुकानात गल्ल्यावर उभी राहणारी बाई, यांची बाजू कुणी घेतली नाही.

इथे कलितांचं पुस्तक मला मोलाचं वाटतं. ते स्टाइनच्या सात वर्षं आधीचं आहे, त्यामुळे ते त्याला उत्तर नाही, पण उत्तर म्हणून वाचता येतं. एडिसनच्या परिसरातली तीन घरं त्यांनी घेतली. एक आधी येऊन धंद्यात आणि गावाच्या राजकारणात पाय रोवू पाहणारं. एक मागून आलेलं, मध्यमवर्गातून येऊन इथे अंगमेहनत करणारं. आणि एक संगणकवालं, व्हिसावर आलेलं तरुण जोडपं. तीन घरं म्हणजे येण्याच्या तीन तऱ्हा. पुस्तक वाचल्यावर ‘भारतीय समाज’ हा शब्द सहज तोंडातून निघत नाही. एकाच रस्त्यावर राहणाऱ्या या तीन घरांचं अमेरिकेशी असलेलं नातं तीन प्रकारचं आहे, आणि एकमेकांशी असलेलं नातं तर आणखीच अवघड.

नवरात्राचं प्रकरण हा या गावाच्या कहाणीतला कळीचा भाग. नव्वदीच्या दशकात तिथला गरबा इतका मोठा झाला की हजारो लोक यायला लागले. तो रात्री किती वाजेपर्यंत चालवायचा यावर गावाच्या कारभाऱ्यांनी बंधनं घातली. तक्रार आवाजाची. आयोजक न्यायालयात गेले, १९९६ साली प्रकरण थेट फेडरल न्यायालयात होतं. आपल्याकडे दहा वाजले की स्पीकर बंद यावर जे रण माजतं तेच, फक्त तिथे त्याला धर्मस्वातंत्र्याच्या घटनादुरुस्तीचं वजन आलं. पण मला त्यातली जागा महत्त्वाची वाटते. हा गरबा होत होता रॅरिटन सेंटरमध्ये. हे रॅरिटन सेंटर म्हणजे काय? १९१७ साली, पहिल्या महायुद्धात, अमेरिकन लष्कराने तिथे दारूगोळ्याचं कोठार उभारलं. साठीच्या दशकात ते बंद झालं आणि त्या जमिनीवर गोदामं, कारखाने, प्रदर्शनाच्या जागा आल्या. म्हणजे तोफगोळ्यांच्या जागेवर टिपऱ्या! आसपासचा इतिहासही तसलाच स्फोटक. १९२४ साली जवळच्याच निक्सन भागात स्फोट होऊन अख्खी औद्योगिक वस्ती बेचिराख झाली होती. ज्या गावाने हे कानठळ्या बसवणारे आवाज ऐकले त्याला ढोलाचा आवाज सोसेना, असं म्हणायचा मोह होतो. पण तो अन्याय होईल. स्फोट ऐकणारे आणि तक्रार करणारे वेगळे होते. तक्रार करणारे शांततेसाठी उपनगरात आलेले होते, आणि शांतता मिळेल म्हणूनच त्यांना ती घरं विकली गेली होती.

कलितांच्या पुस्तकातही माझ्या मते एक कमतरता आहे. त्यांची नजर घरात आहे. स्वयंपाकघर, दिवाणखाना, नोकरी, मुलांची शाळा. गावाचा इतिहास येतो, पण पडद्यावर रंगवलेल्या देखाव्यासारखा मागे उभा राहतो. १९५६ साली हंगेरीत उठाव चिरडला गेला तेव्हा तिथले तीस हजारांहून अधिक निर्वासित अमेरिकेत प्रथम कुठे उतरवले? कँप किल्मरमध्ये, ज्याचा एक भाग याच एडिसनच्या हद्दीत येतो. म्हणजे वाक्य न कळणारी, वेगळं खाणारी, भांबावलेली माणसं या गावाने आधीही पाहिली होती. तीन घरांच्या शेजारी ही चौथी गोष्ट ठेवली असती तर ‘परकं’ या शब्दाला त्या गावात किती जुनी वहिवाट आहे ते कळलं असतं.

हे सगळं पुस्तकी भांडण आहे असं वाटत असेल तर २०१७ सालाकडे या. शाळा मंडळाची निवडणूक. एक उमेदवार चिनी वंशाचे, एक भारतीय वंशाच्या. घरोघर निनावी पत्रकं आली. त्यावर दोघांचे फोटो आणि फोटोंवर ‘हद्दपार करा’ असा शिक्का. मजकूर काय, तर हे लोक आपलं गाव बळकावताहेत. चिनी शाळा, भारतीय शाळा, क्रिकेटची मैदानं, आता पुरे! स्टाइनच्या लेखातलीच तक्रार, फक्त विनोद वजा केलेला. एवढ्याशा स्तंभाचा मी इतका कीस का पाडतोय, याचं कारण हे आहे. ‘आमचं मूळ गाव’ ही गोष्ट एकदा सुरस करून सांगितली की पुढे कुणीतरी तिच्यावर शिक्का मारायला घेतं. २०२१ च्या निवडणुकीत गावाने सॅम जोशी यांना महापौर निवडलं, एडिसनचे पहिले भारतीय वंशाचे महापौर. तर पत्रक आणि महापौर, दोन्ही चार वर्षांच्या आतलं.

आता आपल्या घरात येऊ. आपणही मूळ गावाची गोष्ट सांगतो, फक्त आपलं साल वेगळं. आपली एडिसनची गोष्ट नव्वदीत सुरू होते. ‘आधी इथे काही नव्हतं हो, बंद पडलेली दुकानं होती, आपल्या लोकांनी हा रस्ता जिवंत केला.’ यात तथ्य आहे. ज्या गावाला पेठ नव्हती त्या गावाला ओक ट्री रोडने पेठ दिली, मटचन निघून गेल्यावर जवळजवळ शतकानंतर. पण ‘आधी काही नव्हतं’ हे वाक्य मला घाबरवतं. याच ओक ट्रीच्या परिसरात १७७७ च्या जून महिन्यात वॉशिंग्टनच्या फौजेच्या आणि ब्रिटिशांच्या चकमकी झाल्या होत्या. तिथल्या तळ्याची जागा वाचवण्यासाठी स्थानिक लोक वर्षानुवर्षं भांडले. आपल्या पेठेच्या गोष्टीत हे तळं कुठेच नाही.

आणि २०२२ चा ऑगस्ट. भारताच्या स्वातंत्र्यदिनानिमित्त तिथे मोठी मिरवणूक निघते. त्या वर्षी मिरवणुकीत बुलडोझर होता, त्यावर भारतातल्या नेत्यांची चित्रं. तिथल्या मुसलमानांनी, त्यात भारतीय मुसलमानही आले, आक्षेप घेतला, की भारतात हे यंत्र आमची घरं पाडण्याची खूण झालेलं आहे, ते आमच्या गावातल्या रस्त्यावरून का फिरवता? गदारोळ झाला, आणि आयोजकांनी लेखी माफी मागितली. या प्रसंगावर तुमचं मत काहीही असो. मला त्यात एवढंच दिसतं की ‘हे गाव कुणाचं’ हा प्रश्न पत्रक छापणाऱ्यांची मक्तेदारी नाही. आपणही तो विचारायला शिकलो आहोत, आणि आपल्यातल्याच काहींना ऐकवायला.

मराठीत एडिसनवर चांगलं पुस्तक व्हायला हवं. प्रवासवर्णन नको, प्रवासवर्णनात आपण तीन आठवडे राहतो आणि पार्किंग किती मोठं होतं ते लिहितो. (हशा) मी स्वतः तेच केलं असतं. हे पुस्तक तिथे वीस वर्षं राहिलेल्या कुणीतरी लिहायला हवं, ज्याने टाउनशिपच्या सभा ऐकल्या आहेत, फोर्डमधून निवृत्त झालेल्या म्हाताऱ्याच्या अंगणात बसून गप्पा मारल्या आहेत आणि ओक ट्री रोडवर दिवसाचे बारा तास उभ्या असणाऱ्या बाईला तिचा पगार विचारला आहे. मजकूर इंग्रजीत मिळेल, पण त्या बाईशी गुजरातीत, हिंदीत, क्वचित मराठीत बोलावं लागेल, ते आपल्याला जमतं.

सुरुवात कुठून करायची? मला विचाराल तर मेन्लो पार्कपासून. एडिसनने १८७६ साली तिथे प्रयोगशाळा काढली, पुढच्या वर्षी फोनोग्राफ, १८७९ साली दिवा. पण ती जागा त्याला मिळाली कशी? ती एक फसलेली घरबांधणीची योजना होती. कुणीतरी प्लॉट पाडले होते, ते विकले गेले नव्हते. ज्या घरात योजनेचं विक्री कार्यालय होतं त्यात एडिसन राहायला गेला. म्हणजे हे गाव आधी न खपलेलं उपनगर होतं आणि नंतर जगप्रसिद्ध झालं. काही वर्षांत तोही निघून गेला. पुढे १९२९ च्या सुमाराला हेन्री फोर्डने त्याच्या प्रयोगशाळेचा सांगाडा आणि सोबत तिथली लाल माती वॅगनी भरभरून मिशिगनमध्ये आपल्या संग्रहालयात नेली. मातीसुद्धा नेली! मागे काय राहिलं, तर १९३८ साली उभारलेला एक मनोरा, त्याच्या टोकावर भलामोठा काचेचा दिवा. माझ्या भाच्याने मला तो शेवटच्या दिवशी दाखवला, विमानतळाला जाताना, तेही मी मागे लागलो म्हणून. अकरा वर्षं तिथे राहत होता, त्यानेही तो जवळून पहिल्यांदाच पाहिला.

वेळ झाली आहे. प्रश्न असतील तर घेऊ.